तीन अ‍ॅम्प आणि एक शिट्टी

सोमवार, ४

दातांच्या डॉक्टरला गाडीत आवाज वाढवणारे तीन अ‍ॅम्प हवेत. एक पुढच्या स्पीकरना, एक मागच्यांना, एक नुसत्या धडधडीला. दवाखान्यातून घरी पायी गेला तर गाडीच्या आधी पोचेल! पण नाही. संगीताची आवड आहे म्हणे.

दुकान मेव्हण्याचं, घाम माझा. डॉक्टरसमोर त्याने नेहमीची टेप लावली — "भाऊजींच्या कानाने पास केल्याशिवाय आमच्याकडून गाडी बाहेर पडत नाही." डॉक्टर वळल्यावर हळूच खोक्यातून एक माइक काढला. फोनला जोडायचा, मग तो आवाज मोजतो आणि पडद्यावर रेघा काढतो.

"तुमच्या मदतीला हो. ही गाडी दोघांकडून तपासू, मग पुढचं बघू."

पुढचं काय ते न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. माइक पास झाला तर मी फक्त सीटा उचकटायच्या आणि वायरी ओढायच्या. शेवटचं ऐकणं त्याच्याकडे. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला धड येते, आणि तीच हा खोक्यातून आणतो!

मंगळवार, ५

बॅटरीपासून जाड वायर डिकीत नेली, बॅटरीपाशीच फ्यूज घालून. तिथे तिचे तीन फाटे, एकेका अ‍ॅम्पला एकेक. गाण्याच्या वायरी मुद्दाम गाडीच्या दुसऱ्या बाजूने घेतल्या. करंटच्या वायरीला खेटून नेल्या की आवाजात भुणभुण शिरते.

मेव्हणा म्हणाला, "दोन्ही एकाच बाजूने घ्या ना. गालिचा एकदाच उचलावा लागेल." काय डोकं आहे! आणि हा मालक.

गुरुवार, ७

शिट्टी! इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. मेव्हण्याचा चेहरा उतरला, माझा खुलला. अशी शिट्टी म्हणजे अर्थिंगची भानगड — डोळे मिटून सांगतो.

आणि निघालं काय? मी जेवायला गेलो तेवढ्यात साहेबांनी हातभार लावला होता. तीन अ‍ॅम्पची अर्थिंग तीन ठिकाणी! एक सीटच्या बोल्टला, एक डिकीच्या बिजागरीला, एक तर चक्क रंगावर. सगळं सोडवलं, रंग खरवडून पत्रा उघडा केला, तिन्ही वायरी एकाच बोल्टखाली आवळल्या.

चढणारी शिट्टी गेली. मागे एक बारीक राहिलीय. एकाच सुरात. इंजिन रेटा नाहीतर बंद करा, तिला फरक पडत नाही.

शुक्रवार, ८

आहे अजून.

शनिवार, ९

मेव्हणा गाडीत बसला, कान टवकारले, म्हणाला, "कुठेय?" मग माइक लावला. रेघ सपाट. एक जन्माचा बहिरा, दुसरा कारखान्यातून बहिरा होऊन आलेला. छान जोडी जमलीय.

सोमवार, ११

डॉक्टर आला. ऐकलं. "मला तर फारच सुंदर वाटतंय." दिवसभर कानाशी ते ड्रिल किंचाळत असतं, याला काय ऐकू येणार कप्पाळ! तसं तोंडावर सांगितलंही. मेव्हण्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी डॉक्टरचाच दात पाडला.

मंगळवार, १२

गाण्याच्या वायरी नव्या टाकल्या. आहे.

बुधवार, १३

एकेक अ‍ॅम्प बंद करून पाहिला. कोणताही बंद करा, आहेच. म्हणजे तिघंही सामील!

गुरुवार, १४

बायको बाजारातून परतताना दुकानात डोकावली. तिला गाडीत बसवलं, काचा वर केल्या.

"अहो, कसली शिट्टी?"

"नीट ऐक."

"पंख्याची घरघर येतेय तेवढी."

म्हटलं, शेवटी माहेरचं रक्त, भावाचीच री ओढणार. नेहमी यावर ती चारचौघांत माझा पाणउतारा करते. आज नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

शुक्रवार, १५

बॅटरीची वायरच काढून टाकली. गाडी मुकी. तरी शिट्टी!

अ‍ॅम्पच्या पोटात करंट साठून राहतो, दुसरं काय असणार. चहा पिऊन आलो, पुन्हा आत बसलो. आहे. बराच साठलेला दिसतोय.

मेव्हणा म्हणाला, "गाडी उद्या जाणार. माइकने पास केलीय."

"मी नाही केली."

"भाऊजी, आता पुरे."

शनिवार, १६

गेली गाडी. डॉक्टर हसत गेला. मेव्हण्याने भिंतीवर माइकसाठी खिळा ठोकला, वर मलाच विचारलं — सरळ आहे ना? वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण येईल, डॉक्टर झक मारत परत येईल, शिट्टी शिट्टी करत. मग बघतो त्या खिळ्याकडे!

रविवार, १७

सुट्टी. गाडी डॉक्टरच्या दारात, मी घरी पलंगावर. शिट्टी येतेय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.