बेअरिंगवरची खूण

बाबा, अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानातली तुमची मशीन आता अकोल्यात माझ्या गॅलरीत, धुण्याच्या मशीनशेजारी उभी आहे. दोघींचं बरं जमतं. एक घरातला मळ काढते. दुसरीनं काय केलं ते सांगायला मी लिहायला बसलो आहे. तुमचा थाट अजून डोळ्यांपुढे आहे. मोटरवर फिरणारं पोलादी चाक, खाली वाटीत तेल, आणि दांडीला वजन लटकवून चाकावर दाबलेलं बेअरिंग. गिऱ्हाइकाच्या इंजिनातलं साधं तेल घातलं की मशीन किंचाळून जागच्या जागी थांबते. तुमच्या लाल बाटलीतलं घातलं की वजनावर वजन चढवलं तरी नुसती गुरगुरते. मग तुम्ही बेअरिंग काढता, झिजल्याची इवली खूण सगळ्यांपुढे धरता, आणि अचलपूरहून आलेले ट्रॅक्टरवाले माना डोलावतात. मी सुट्टीत घरी असलो की तुम्ही माझ्याकडे वळायचात, "सांग बे पंडित, तुह्या शास्त्रात याले काय म्हनते?" संस्कृतच्या वर्गातून नुकताच उठून आलेला मी छाती काढून सांगायचो, प्रत्यक्ष प्रमाण. गिऱ्हाईक बाटली घेऊन जायचं.

एकदाच मी विचारलं होतं, की इंजिनात तर पंप तेलाला दाबानं मधे सारतो, लोखंडाला लोखंड असं टेकतच नाही, मग ही परीक्षा नेमकी कशाची? तुम्ही भर दुकानात म्हणालात, "जे दिसते ते पाह्य, बापू. लय तर्क केला का जेवन अंगी लागत नाही." सगळे हसले. मीही हसलो, आणि जेवण अंगी लागलं. पुढे अकोल्याला कॉलेजात नोकरी लागली, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून एक बेअरिंग हातात ठेवलंत. आजवरची सगळ्यात लहान खूण, टेबलावर ठेव, म्हणालात. ते माझे कागद दाबत राहिलं. न्यायशास्त्र शिकवताना प्रत्यक्षाचं उदाहरण म्हणून मी ते दरवर्षी वर्गात फिरवतो. फिरवत होतो.

पन्नाशीत माझ्या सहकाऱ्यांना गुडघे आठवतात, मला वेग आठवला. जुनी छोटी गाडी घेतली आणि दक्षिणेतल्या रेसिंग ट्रॅकवर ती चालवायला जाऊ लागलो. विद्यार्थी तिला रथ म्हणतात, बायको तिला काहीच म्हणत नाही. तिथले लोक तेल तापल्यावर किती पातळ होतं, लांब वळणात दाब टिकतो का, असल्या गोष्टी बोलत. मी मनात हसून तुमच्या लाल बाटलीतलं तेल ओतलं. पुरावा माझ्या टेबलावर होता ना. उजवीकडच्या लांब वळणात तेलाचा लाल दिवा लागला, मग खालून ठकठक, मग शांतता. इंजिन उघडलं तेव्हा आतली बेअरिंगं तांबं दिसेपर्यंत घासली होती. तेल तापून पातळ झालं, दाब पडला. इंजिन तेलाला जे विचारतं ते तुमच्या मशीननं कधी विचारलंच नव्हतं. शोधता शोधता कुठंतरी वाचलं की तुमच्या परीक्षेत शाम्पूसुद्धा पास होतो. मला हसू आलं. न्हाणीघरातली बाटली आणून वाटीत ओतली. मशीन गुरगुरली, बाबा. वजनावर वजन चढवलं, गुरगुरतच राहिली.

अमरावतीला आईकडे गेलो. ती सांबाराची हिरवी जुडी निवडत होती. शाम्पूचं सांगितलं, तर मान वर न करता म्हणाली, "माहीत हाय मले. त्याईनं करून पाह्यलं होतं, माह्याच पुडीनं. आधी हासले, मंग ते बेअरिंग पुसून पेपरात गुंडाळून ठेवलं. तुह्या टेबलावर हाय ना, तेच ते."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले काय सांगाव? प्रमान तर तूच देत होता."

गिऱ्हाइकांचं मी समजू शकतो, तो धंदा होता. पण त्या दिवसानंतरही दर सुट्टीत तुम्ही मला साक्षीला उभं केलंत, आणि साक्षीदार खरं बोलतो आहे असं त्याला स्वतःला वाटेल याची काळजी घेतलीत. ते बेअरिंग मला कधीतरी कळावं म्हणून दिलंत, की हा कधीच तपासणार नाही ही खात्री होती म्हणून? आईला विचारलं, तर तिनं मला चहा दिला.

इंजिन नवं बांधून घेतलं आहे. आता दाबाचा काटा आहे, तापमानाचा काटा आहे. गाडी बनवणाऱ्यानं इंजिनात चालवून पाहिलेल्या तेलांपैकी तापल्यावरही दाट राहणारं निवडलं. ट्रॅकवरून आलं की ते काढायचं आणि त्यात धातू किती उतरला ते प्रयोगशाळेकडून तपासून घ्यायचं. यात चारचौघांना दाखवण्यासारखं काही नाही. तुमचं दुकान महिन्याभरात बसलं असतं.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून त्याच बेअरिंगखाली ठेवतो आहे. आणखी एक. परवा त्याच निवडलेल्या तेलाचा नवा डबा आणला आणि गाडीत ओतण्याआधी चमचाभर तेल तुमच्या वाटीत घातलं. मशीन किंचाळली आणि थांबली. का किंचाळली ते मला पुरतं माहीत आहे, वर्गात तासभर सांगू शकेन. तरी मी गाडीत तेल न ओतता डब्याचं झाकण परत लावलं. रविवारी ट्रॅक आहे, आणि डबा अजून तसाच आहे.