उतारावरची ऐकायची तार

मी, शिओझाकी तोमिए, वय चौऱ्याहत्तर, राहणार वाकायामा जिल्हा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक खोटे होते.

घर व बचत भाची कानाए हिला. रेडिओ-संच गावच्या हौशी रेडिओ मंडळाला. उमेबोशीच्या, म्हणजे आंबट फळांच्या लोणच्याच्या, बरण्या कुणालाही द्याव्यात, फक्त नणंदेला नको; तिने त्यांना सगळ्यांसमोर नावे ठेवली आहेत.

घरामागचा समुद्राकडे उतरणारा पट्टा शेजारी ताबाता मोकुजी यांना द्यावा. कारण लिहिते.

माझा मुलगा तात्सुओ ट्यूनाच्या जहाजावर होता. रेडिओवर त्याचा क्षीण आवाज पकडता यावा म्हणून तो सुट्टीवर असताना आम्ही मायलेकांनी उतारावर दोनशे मीटर तार टाकली. मी खांब रोवत होते आणि तो वरून ओरडत होता, "आई, ताणून सरळ नको गं! जमीन उतरते तशी तार उतरू दे. सगळीकडे तुझ्या खांद्याइतकी!" खालच्या टोकाला त्याने तांब्याची सळई ठोकून तार जमिनीशी जोडली. मग रोज संध्याकाळी तो जहाजावरून बोलायचा.

त्याचे वडील वारले तेव्हा तो आला नाही. जहाज दूर आहे, हे मला कळत होते. तरी रेडिओवर म्हणाले, "आता कशाला बोलतोस?" आणि दुसऱ्या दिवशी तार गुंडाळून ठेवली.

चौथ्या दिवशी जहाज बुडाले. कागोशिमाच्या एका अनोळखी हौशी रेडिओवाल्याने आपल्या नोंदवहीचे पान पाठवले. तात्सुओ अकरा मिनिटे माझ्याच नावाने हाका मारत होता.

लोकांनी विचारले, "तार कुठं गेली?" मी म्हणाले, "मोकुजींनी कापली." ती त्यांच्या संत्र्यांच्या बागेवरून जाई, त्यावरून आमचे वाजलेही होते. गावाला पटले. एकोणीस वर्षे कुणी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते एकदाच माझ्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, मी कापली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण माझं नाव घेऊन तुम्हाला जगता येत असेल, तर घ्या."

मी दार लावून घेतले.

तार मी काढली. माझ्या अंत्यविधीला गाव जमेल तेव्हा कानाएने हे मोठ्याने वाचावे, मगच घराची चावी घ्यावी.

आज मला इथवर, तानाबेच्या नोटरी कचेरीत, मोकुजींनीच गाडीतून आणले. दुसऱ्या कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. कशासाठी आले, ते त्यांना ठाऊक नाही. बाहेर बाकावर बसले आहेत. सही झाली की त्यांना मी स्वतः सांगेन.

साक्षीदार : १) निशिमोरी हाजिमे २) उएनाका साचिको
सही व शिक्का : शिओझाकी तोमिए
तानाबे, १४ नोव्हेंबर २०१८