खुर्चीच्या पायाचा खड्डा

रविवार, सायंकाळी साडेसात

लॉन बोल्समध्ये, म्हणजे गवतावर वळत जाणारा चेंडू घरंगळवायच्या खेळात, भारताकडून खेळते, पण सराव अजून द्वारका चौकाजवळच्या लग्नाच्या लॉन्सवरच. लग्न उरकलं की गवतात खुर्च्यांच्या पायांचे खड्डे! त्यातल्या एकापाशी माझा चेंडू रोज जास्तच वळतो. परदेशात हरले की मी म्हणायचे, त्या खड्ड्यानं सवय बिघडवली.

आज वॉचमन पगारेकाकांनी तो माती घालून बुजवला. "ताई, टाका आता बिनधास्त."

टाकला. तिथंच तितकाच वळला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. म्हणजे सोडताना माझंच मनगट फिरतंय! इतकी वर्षं?

काकांचा चेहरा पडला. मला मात्र हसू आलं. खड्ड्यापुढे माझं काय चालणार होतं? मनगट माझं आहे. स्पर्धेला महिना आहे. सुधारायला तेवढा पुरे.