सतरा नंबरची पट्टी

ता. ३ मार्च

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

दवाखान्याची औषधं सुरू झाली त्या सकाळी मी स्टोव्हवर पुस्तकांच्या बाइंडिंगची खळ शिजवत होते. ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात, म्हणून माझी पाठ तुमच्या दादांकडे. नारिंगी गोळी त्यांनी उठल्याउठल्या माझ्यासमोर गिळली होती. पांढरी खाल्ल्यावर घ्यायची. घेतली, असं ते म्हणाले आणि मी पदराला हात पुसून दवाखान्याच्या कार्डावर खूण केली. चौदा दिवस हेच.

आज हे आठवायचं कारण तुमचा कोट. आजारपणात इथे राहिलात तेव्हा विसरून गेलात तो. पाठवण्याआधी धुवावा म्हणून खिसे उलटे केले. दोन खिळे आणि पेन्सिलीचा तुकडा निघाला, सुतार शोभता खरे. आणि पांढऱ्या गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली. तिच्यावर सतरा नंबर आहे. तो दादांचा चाचणीतला नंबर. रिकाम्या पट्ट्या दवाखान्यात परत द्यायच्या होत्या. एक कमी भरली तेव्हा मी सगळं घर उलथंपालथं केलं, आणि तुम्ही पांघरुणातून बघत होतात.

काल नर्सबाई आल्या होत्या. काळ्या आजारावर दोन औषधं एकत्र देऊन बघायची ती चाचणी आता संपत आली. चाळीस जणांत चौघांना गुण आला नाही, त्यांतले एक दादा. पंधरा तारखेला मोठ्या डॉक्टरांची बैठक आहे. चार म्हणजे फार झाले, असं त्या म्हणाल्या. हे औषध बाद ठरलं तर लोकांच्या नशिबी पुन्हा महिनाभर रोजचं इंजेक्शन.

खरं काय ते लिहा. तोवर कोट माझ्याकडेच. जेवणाची हयगय करू नका. माझा लोभ आहेच. पत्र वाचून तुमचा कमी होऊ देऊ नका.

तुमची वहिनी


ता. ८ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

वर सवयीने सौ. लिहून गेलो, मग खोडलं. माफ करा.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मला आधी एकदा इंजेक्शनं झाली होती म्हणून चाचणीत घेतलं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. साधी इंजेक्शनंही संपली होती. दीड महिना थांबा म्हणाले. पानथरी तेव्हा सुजून पोटात डाव्या बरगडीखाली हाताला लागत होती. दादा पहिल्याच दिवशी म्हणाले की औषधं दोन आणि भाऊ दोन, मग अडलंय कुठे. नारिंगी त्यांची, पांढरी माझी. लहानपणी आमची पाटी एकच, ते मधोमध रेघ मारून अर्धी मला द्यायचे. तशीच ही वाटणी. मी नको म्हणालो, पण एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही.

एकेकटं औषध पुरत नाही हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? पुढे मला इंजेक्शनं मिळाली म्हणून मी उरलो. तुम्हाला सांगायचं नाही, तुम्ही रागवाल, अशी त्यांनी शपथ घातली होती.

आता एक ऐका. मी गोळ्या चोरल्या असं दवाखान्यात सांगा. दादांना माहीत नव्हतं, तुम्हालाही नाही. त्यांना कोणी नावं ठेवणार नाही, तुमच्या खुणांवरही कोणी बोट ठेवणार नाही. मला इथे ओळखतं कोण?

लोभ असावा असं कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहितो.

आपला धाकटा


ता. १४ मार्च

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र परवा मिळालं. खोडलेलं सौ. मी वाचलं. क्षणभर बरं वाटलं.

रागावले का? हो. दादांवर जास्त. ते समोर नाहीत म्हणून तुमचा कोट पिळून काढला; कापड जाड म्हणून वाचला.

चोरीचं मला पटलं नाही. चोर म्हणून खपण्याइतका तुमचा चेहरा बेरकी नाही. आणि त्यांनी दिल्या त्या दिल्या. ते देणं मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. मी पाठ फिरवून खुणा केल्या, तेही माझ्याकडेच राहू दे.

मग चाचणीत जाताना दादांनी सही केलेला कागद मी शोधून काढला. चार पानं आहेत. फुकट गेलेल्या छापील पानांवर मी वाचायला शिकले, घरात आलेलं सगळं वाचते, आणि हाच एक कागद वाचला नव्हता. वय, वजन, दारू, आधीचे आजार, सगळं विचारलंय. घरात आणखी कोणी आजारी आहे का, एवढं मात्र कुठेच नाही.

कोट सोबत पाठवते आहे. तुटलेलं बटण लावलंय, काळं नव्हतं म्हणून त्यांच्या सदऱ्याचं घेतलं. लोभ होता तिथेच आहे, शंका घेऊ नका.

तुमची वहिनी

ता. क. – पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन दवाखान्यात गेले. दादांचा आकडा बदलेल की नाही ते बैठकीत ठरेल, पण लिहून द्या, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी फायलीतून कार्ड काढून दिलं. पांढऱ्या गोळीच्या चौदा खुणा मी एकेक करून खोडल्या, आणि घरात आणखी कोण आजारी होतं ते खाली लिहिलं.