परात खाऊन नाही राहिली

४ मे
परातीनं आजही काही खाल्लं नाही. आमच्या यायनं झिंगे सोलून लांब चिमट्यानं तिच्या पोटाखाली सरकवले, ते तसेच पडून. मंग सिल्वर डॉलर मासे आले अन् खाऊन गेले, फुकटे.

नावं आत्याबाईनं, माह्या सासूनं, ठेवलेली. 'स्टिंगरे' म्हणाले तिची जीभ वळत नाही. गोल, चपट्या, परातीवानी, म्हणून मोठी मादी परात अन् लहाना नर ताटली. ऐंशी पार झाली, पण नावं ठेवण्यात अजून कोणाले हार जात नाही.

हॉलमधी माणसायले बसाले जागा नाही अन् मासोळ्यायले सात फुटाचा टँक. शेपटीच्या काट्यात विष, म्हणून कोणी हात लावाचा नाही असा यायचा हुकूम. बोलत नाही मी. मिलच्या आवाजानं यायचे कान गेले, प्लांटमधून लवकर रिटायर झाले, मंग कितीतरी दिवस कोणाशी धड बोलले नाही. कानात मशीन घालाची नाही, भिंतीकडे पाहत बसाचं. टँक आला तेव्हापासून सकाळी उठून दाढी करतात. म्हणून राहू दे म्हणते, सात फूट तर सात फूट.

७ मे
परात पोटुशी आहे, त्याच्यात हे असं. दुकानवाल्याले फोन लावला. यायले फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मीच बोलते.
"भाभीजी, सफेद दाग वाली दवा गलती से भी मत डालना. उसमें तांबा रहता है. बाकी मछली झेल लेगी, स्टिंगरे मर जाएगी."
मी ओरडून यायले सांगतलं. तर म्हणे, "मले मालूम आहे. मले कायले शिकवते?"
घ्या!

९ मे
काच चाटणाऱ्या सकर माशाले हाकललं. परातीच्या पाठीले चिकटून तिच्या अंगावरचा चिकटा चाटून राहिला होता. खरं आहे, मी बी पाह्यलं. हे बादलीत घालून दुर्ग शहरातल्या दुकानात परत देऊन आले. येताना खुश. "आता पाह्य, कशी खाते."

१२ मे
खाल्लं नाही. आज सिल्वर डॉलर बी दुकानात परत गेले. म्हणे, ते तिले निजू देत नाही. घरात कोर्ट भरलं आहे, ज्याच्यावर संशय तो बाहेर. आत्याबाई म्हणाली, "मासे संपले का आपला नंबर." मी खो खो हसली. यायले ऐकू गेलं नाही, बरं झालं.

ऊन असं का कूलर रात्रंदिवस चालू. त्या हवेनं टँकचं पाणी बोटभर उतरते, पण दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर तेवढंच. हे भरत असन.

१५ मे
ताटली गेली. (नर होता, पण नावच तसं, गेलीच लिहिते.)
सकाळी पाह्यलं तर चारी बाजूनं कडा वर वळलेल्या, भाजलेल्या पापडावानी. दुकानवाला म्हणते कडा वळल्या का समजून जा. यायनं पेरूखाली खड्डा खणला. तिले ठेवून माती लोटली.

मंग आत येऊन माह्यावर. "तू काल डासायचा फवारा मारला का?"
"बेडरूममधी मारला. दार लावून."
"मंग तेच."
मी ओरडली. ऐकू जावं म्हणून ओरडली का रागानं, मलेच माहीत नाही. यायनं मशीन काढून टेबलावर ठेवली. "माह्या पाण्यात ज्यानं काही टाकलं असन, त्याचं तोंड पाहणार नाही मी." माह्याकडे पाहूनच म्हटलं. अन् हा माणूस बोललं ते करते. सख्ख्या मामाशी एका शब्दावरून बोलणं सोडलं, तो मेला तरी गेले नाही.

लय रडू आलं. स्वयंपाक केला. वरणात मीठ टाकलं नाही, मुद्दाम.

१८ मे
काय लिहू...
बाजारात निघाली होती, ऊन झेपलं नाही, अर्ध्यातून परत आली. हे दुपारी मशीन काढून निजतात, घर पडलं तरी उठत नाही. हॉलमधी आत्याबाई एका हातानं खुर्ची धरून, दुसऱ्या हातानं टँकमधी लोटा ओतून राहिली.
"आत्याबाई! काय करून राहिल्या?"
दचकली. मंग पोरीवानी हसली. "अवो, पाह्य ना किती उतरलं! उन्हाचे तहानले जीव, पिऊन राहिले. तो रागावते, म्हणून तो निजला का मी टाकतो. थे मोठी पोटुशी आहे, तिले नळाचं नाही देत मी. रातभर गुंडात ठेवलेलं देतो. तुले नाही का देल्लं केतकीच्या वेळी?"

तिचा पाण्याचा गुंड. तांब्याचा. माहेरून आणलेला, रोज चिंचेनं घासते.

दुकानवाला तांब्याचंच म्हणाला होता. पाणी उन्हानं उडून जाते, तांबं टँकमधीच राहते. अन् रोज वरून नवा लोटा. "कधीपासून टाकता?" तर अक्षय तृतीयेपासून.

केतकी पोटात असताना मले उलट्यायनं पाणी ठरत नव्हतं. हिनंच उशाशी बसून चमच्या चमच्यानं पाजलं होतं, ह्याच गुंडातलं. माह्या आईनं बी एवढं केलं नसतं.

गुंड माळ्यावर टाकला. आत्याबाईले म्हटलं, गळून राहिला, कासाराकडे देते. यायले सांगतलं, दुकानवाला म्हणते रोज थोडं थोडं पाणी बदला. दोन्ही खोटं.

२० मे
परातीच्या कडा वळाले लागल्या. हे तिथंच सतरंजी टाकून बसले आहेत.

केतकीले फोनवर सगळं सांगतलं. "मम्मी, पापा को बता दो न. तुम क्यों सुन रही हो?"
म्हटलं, "तुझे पापा मंग आजीचं तोंड पाहणार नाही. अन् आजी म्हणन, मी नागपूरले मोठ्या लेकाकडे जातो. तिथं तिले कोण इचारते?"
"तो दादी को ही बता दो."
कसं सांगू? जीव लावून पाजलं तिनं.
मले ऐकून घ्या लागते तर घेते. पण राग येते. दोघायचाही येते.

२३ मे
पाणी तपासाचं किट आलं, यायनं मले न सांगता मागवलेलं. नळीत थेंब टाकले, रंग चढला. हे ताडकन उठले. "तांबं! पाण्यात तांबं आहे!" पंप खोलला, फिल्टर खोलला, नळ पाह्यले. "आलं कुठून?" मी स्वयंपाकघराच्या दाराजवळ ओट्याशी पोळ्या लाटून राहिली होती, लाटतच राहिली.

दिवाणावरून आत्याबाई म्हणाली, चांगली मोठ्यानं, "कावून रे? तांब्याचं पाणी तं चांगलं असते ना?"

माहं लाटणं थांबलं. हे टँकसमोर वाकलेले, आमच्याकडे पाठ. मशीन उजव्या कानात घालतात, तो कान मले दिसत नव्हता. वळले नाही. काचेवर हात होता, तो तसाच राहिला. मंग खाली बसून पंपाचे स्क्रू गोळा केले.

ऐकलं का नाही ऐकलं?

२४ मे
हे जेवले. कोणाकडेच पाह्यलं नाही. आत्याबाई दोनदा हाका मारून थकली. मले धसका बसला आहे.

२६ मे
सकाळी टँकजवळ झाकणाची प्लास्टिकची बादली, पाणी भरून. झाकणावर स्टीलचा लोटा. मी नाही ठेवला.

चहा झाल्यावर हे दिवाणाजवळ गेले, आत्याबाईचा हात धरून तिले आणलं. "आई, पाणी उतरलं. यातलं टाक."
"स्टीलचं काय पाणी असते!" कुरकुरली, पण ओतलं. मंग माह्याकडे पाहून, "अवो, माहा गुंड आला का कासाराकडून?"

मी तोंड उघडाच्या अगोदर हेच बोलले. "तो आता दुरुस्त होत नाही म्हणते कासार, आई."

मले अजून काही म्हटलं नाही. फवाऱ्याचंही नाही. नजर दिली नाही, पण माही चहाची कपबशी आज यायनं धुतली.

परातीची डावी कड खाली बसली आहे. उजवी अजून वर. खाल्लं नाही.

आत्याबाई काचेले नाक लावून उभी. "पाह्य, पाणी पाजलं का कशी हलली!"
खरंच हलली का लोट्याच्या पाण्यानं हलल्यावानी वाटली, सांगता येत नाही.