आठ मिरच्या, दोन मुळे

बाबा, आज दुपारी मी तुमच्या बाजूनं भांडलो आणि जिंकलो. समोर जावई होता, त्यामुळे विजय जरा जपूनच मिरवावा लागला. म्हणून आता तो या पत्रात मिरवतोय. जावई नागापूरच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. गुणी मुलगा, फक्त शंका नावाची वस्तू त्याच्या घरात नाही. जेवताना जुन्या लढाईतल्या विमानांचा विषय निघाला आणि तो म्हणाला, पंखांत आठ-आठ हलक्या मशीनगन बसवणारे लोक मूर्खच, दोन दणकट तोफा बसवल्या की काम झालं. माझा घास हातातच राहिला. हे वाक्य माझं होतं. पस्तीसेक वर्षांपूर्वी मीच ते तुम्हाला ऐकवलं होतं.

तो रविवार. चर्चमधली उपासना आटोपून पाळकसाहेब चहाला आले आहेत आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तुम्ही एका बाजूला आठ हिरव्या मिरच्या, म्हणजे मशीनगन, आणि दुसऱ्या बाजूला दोन मुळे, म्हणजे तोफा, मांडले आहेत. महायुद्धात तुम्ही विमानांच्या बंदुका बसवायचात, त्यांच्या पट्ट्यांत गोळ्या भरायचात, हे पाळकसाहेबांना नव्यानंच कळलंय, आणि तुम्ही रंगात आला आहात. शत्रूचं विमान नेमात राहतं दोन सेकंद. नवख्या वैमानिकाच्या हातून तेवढ्यात काही लागायचं तर गोळ्या पुष्कळ हव्यात. मुळ्याचा तडाखा जबर, पण तो जड, त्याच्या गोळ्याही मोजक्याच नेता येतात. पातळ पंखात मावेना म्हणून कुशीवर निजवला, तर उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडेना. आठांतली एक मिरची अडली तर सात उरतात. दोनांतला एक मुळा अडला तर दुसऱ्याच्या धक्क्यानं विमानाचं नाकच वळतं. मग तुम्ही आपणहून हेही कबूल केलंत, की पुढं शत्रूनं विमानाला जाड पत्रा घातला आणि मिरच्या त्यावर गारांसारख्या नुसत्या वाजायला लागल्या. मी तेव्हा संस्कृत घेऊन एम.ए. करत होतो, म्हणजे सर्वज्ञच. एक सुभाषित फेकलं आणि म्हणालो, आठ-आठ बसवणारे मूर्खच, दोन तोफा बसवल्या की काम झालं; दोन्हीकडून काय बोलता, चांगलं कुठलं ते एकदा ठरवा.

"चांगलं कोनतं ते इचारू नको. उद्या सकाळी कोनतं चालंल, ते इचार," तुम्ही म्हणालात. मग आवाज उतरला. "आमचं एक इमान परत आलं. एक तोफ अडकल्याली, पट्टा निम्मा तसाच. चालवनारा जखमी, दोन दिसांनी गेला. पट्टा म्या भरल्याला हुता."

"मग नीट भरायचा," मी म्हणालो.

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. तुम्ही मिरच्या परत टोपलीत ठेवल्यात, एकेक करून, सगळे देठ एकाच बाजूला. गोळी पट्ट्यात केसभर जरी मागंपुढं राहिली तरी बंदूक अडते, म्हणून लागलेली ती सवय, हे मला फार उशिरा सुचलं. त्यानंतर तुम्ही सात वर्षं जगलात. विमानाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आज मात्र मी असा सुटलो म्हणून सांगू! दोन सेकंद म्हणालो, पुंगळी म्हणालो, नाक वळतं म्हणताना ताट फिरवून दाखवलं, आमटी सांडली. उद्या सकाळी काय चालेल ते विचारायचं, हेही तुमच्याच तोऱ्यात सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच जावयाला शंका आली आणि तीही माझ्याबद्दल.

"पप्पा, तुम्ही तर संस्कृतवाले. हे सगळं तुम्हाला सांगितलं कुणी?"

मुलगी आमटी पुसता पुसता थांबली. तिला तिचे आजोबा फक्त फोटोतले माहीत. तुमचं नाव घ्यायला याहून चांगली वेळ मिळाली नसती, बाबा. पण तुमचं नाव घेतलं की पट्ट्याचं सांगावं लागणार, आणि पट्ट्याचं सांगितलं की त्यावर मी काय बोललो तेही. हे पत्र कुठं पोचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मी म्हणालो, वाचलं होतं कुठंतरी.