माय, कळांचं तू खोटं सांगितलंस

प्रिय माय,

तू गेल्यापासून तुला लिहावं असं कधी सुचलं नाही. आज लिहितेय ते भांडायला. लेक आत्ताच पिऊन झोपलीय. बाबा अंगणात तिचे लंगोट वाळत घालतायत, सगळे एका ओळीत, टोकं एकाच दिशेला. मी कान बांधून बाजेवर बसलेय, खाली शेगडी आहे, आणि मला उठायची परवानगी नाही. भांडायला याहून बरी वेळ मिळायची नाही.

तू मला खोटं का सांगितलंस?

लहानपणापासून ऐकत आले. "तुझ्या टायमाला मला कायच लागलं न्हाई. तव्यावरची भाकर उलथली, आजून एक थापली, मंग दवाखान्यात गेले आन तू झालीस." शेजारणींना, माझ्या मैत्रिणींना, माझ्या लग्नात सासूबाईंनासुद्धा तू हेच ऐकवलंस. मीही विश्वास ठेवून बसले. भाकरी तर मला येतात, मग भ्यायचं कशाला?

सातव्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "आमच्या इथंच ठिवा तिला. तुमच्या घरी बाईमाणूस न्हाई." बाबा तेवढ्यासाठी पूर्णेहून देवगाव फाट्याला, माझ्या सासरी आले होते. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय. तिची माय न्हाई, पर माहेर हाय." सासूबाईंनी उठून माझी पिशवी भरायला घेतली. मला रडू आलं, आणि लगेच धास्तीही वाटली, कारण बाबांना साधी वरणाला फोडणी देता येत नव्हती.

पण बाबा शिकले गं. शेजारच्या कौसामावशीला गुरू केलं. डिंकाच्या लाडवांची पहिली खेप इतकी कडक झाली की मावशीने एक लाडू वरवंट्यानं फोडून पाहिला. दुसरी खेप खाण्यासारखी झाली. शेपूची भाजी कशी निवडायची, बाळंतिणीला बाजरी कधी द्यायची, खोबरं किती भाजायचं, सगळं तोंडपाठ करून मला म्हणून दाखवायचे. तू असतीस तर पदराआड हसली असतीस.

फक्त एका बाबतीत ते ऐकेनात. तुझी पत्र्याची पेटी. तू गेल्यावर त्यांनी तुझ्या साड्या तिच्यात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधली. तेव्हापासून ती उघडलीच नाही. पायजमा बदलला की तीच नाडी किल्लीसकट दुसऱ्या पायजम्यात ओवायची. ओवताना किल्ली नेफ्यात अडकायची, मग त्यांची चिडचिड व्हायची, पण सोडवून ठेवतील तर शपथ.

बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लागतं, हे तूच सांगायचीस. मला तुझी एक साडी हवी होती. मागितली, तर म्हणाले, "जुनं कशाला? नवं आणतो की." आणि बाजारातून दोन फलालीचे तुकडे आणले. एक लाल, एक हिरवा. जन्मभर रेल्वे फाटकावर गेटमनची नोकरी केलेल्या माणसाला दुकानात दुसरे रंग दिसत नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही. पण मनाला लागून राहिलं. तू तर नाहीसच, निदान तुझा पदर तरी बाळाला मिळावा, एवढंच होतं माझं.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी लाडू वळत होते. पोटात मुरडा आल्यासारखं झालं. तुझी गोष्ट आठवली आणि मी आणखी एक लाडू वळला. मग आणखी एक. तिसऱ्याला हातातला लाडू चुरून खाली पडला आणि मी ओटा धरून वाकले. बाबा म्हणाले, "दुखायलंय का?" मी म्हटलं, "न्हाई, एवढी परात होऊ द्या." तुझ्यामुळे, माय. तुझ्या त्या भाकरीमुळे मी परात संपवायला निघाले होते.

कौसामावशीने येऊन मला बघितलं आणि परात ओढून घेतली. "भवाने, बाळ यायलंय आन तू लाडू मोजायलीस?"

रिक्षा आली. दवाखाना रुळाच्या पलीकडे, आणि फाटक बंद. तुला आठवतं ना, बाबांनी याच फाटकावर नवरदेवाला घोड्यासकट उभं केलं होतं? मुहूर्त टळला तरी दांडा वर केला नव्हता. आता स्वतः रिक्षातून उतरून गेटमनकडे गेले. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. काय बोलणं झालं ते मला ऐकू येत होतं.

"संतोष, माझी लेक हाय रे आतमंदी."

"काका, गाडी यायलीय. फाटक कुणासाठी बी उघडत न्हाई. तुमीच शिकवलंय."

बाबा परत येऊन माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "बरोबर हाय त्याचं." त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि थोडा अभिमानही होता, आणि मला दोन्हीचा राग आला. तेवढ्यात मोठी कळ आली. मालगाडीचे डबे संपता संपेनात. मी बाबांचा हात धरला आणि कडकडून चावले. ते ओरडले नाहीत. हाताकडे बघून चक्क हसले. मला वाटलं, म्हातारा भीतीनं बिथरला.

दवाखान्यात काय झालं ते तुला कशाला सांगू? तुला ठाऊकच होतं, आणि तू सांगितलं नाहीस. बाईच्या जातीला एवढं दुखतं आणि जग आपलं चहा पीत बसलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुला हाका मारल्या. आधी "माय गं" म्हणून, मग "खोटारडे" म्हणून. सिस्टर म्हणाल्या, "शिव्या नंतर दे, आता जोर दे."

दुपार कलली तरी बाळ येईना. डॉक्टरबाई सिस्टरना हळूच म्हणाल्या, "थोडा वेळ बघू, नाहीतर परभणीला पाठवावं लागेल." ते मी ऐकलं. त्या क्षणी माझ्यातली सगळी चेष्टा संपली. तू गेलीस तेव्हाही तुला परभणीलाच नेलं होतं.

कौसामावशी बाहेर गेली आणि बाबांना म्हणाली, "घरातली कुलपं उघडा. गाठी सोडा. बाई अडली की आमच्यात समदं मोकळं करत्यात." आता बाबांचा स्वभाव तुला माहीत. तू चोरून बांधलेला काळा दोरा त्यांनी माझ्या मनगटावरून कात्रीनं कापला होता आणि बुद्धविहारातून आल्यावर तुला तासभर समजावत बसले होते. मावशीला तेच म्हणाले, "आमच्यात असलं चालत न्हाई, कौसाबाई." मावशी आत आली. थोड्या वेळानं तिने बाहेर डोकावलं, तर बाकावर बाबा नव्हते.

पुढचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. बाबा घरी गेले आणि दाराचं, कपाटाचं, संडासाचं, न्हाणीचं, सायकलचं अशी सगळी कुलपं उघडली. डब्यांची झाकणं काढली. दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढले. मावशीची शेळी सोडली. ती सरळ आपल्या उघड्या दारातून आत आली आणि लाडवांच्या परातीला लागली. तिला बाबांनी हाकललं नाही. ते पेटीपुढे बसले होते, कारण नाडीची गाठ सुटत नव्हती. एवढ्या दिवसांची गाठ ती, कशी सुटेल? शेवटी विळीवर नाडी कापली.

इकडे सिस्टर माझ्या अंगावर ओरडल्या, मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग तिसरंच कुणीतरी ओरडलं. मुलगी झाली, माय.

मावशीने लाल फलालीचा तुकडा पुढे केला. तो अंगाला लागताच लेकीनं असा टाहो फोडला की सिस्टर म्हणाल्या, "दुसरं मऊ काही नाही का?" आणि दारात बाबा उभे. एका हातानं पायजमा धरलेला, दुसऱ्या काखेत तुझी ती रोजची निळी साडी, पिठाचे डाग असलेली. कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता तिला. तुझा नव्हता येत. पण मी नाक खुपसून बघितलं.

लेकीला तुझ्या पदरात गुंडाळलं आणि ती गप्प झाली. मी मात्र रडले, जोरात, सिस्टरसमोर. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पायजमा धरून.

मावशी म्हणाली, "उघडली म्हना कुलपं." बाबा म्हणाले, "हवा खेळती राहावी म्हणून उघडली. त्याचा काय संबंध न्हाई." मलाही वाटतं, संबंध नसावा. डॉक्टरबाईंना तर अजिबात वाटत नाही. पण पेटी उघडली ना? मला तेवढं पुरे.

नंतर मी बाबांना विचारलं, "मायला खरंच काय लागलं नव्हतं?" त्यांनी हात पुढे केला. माझ्या चाव्याच्या शेजारी तो जुना पांढरा वण. तुम्ही दोघांनी मला लहानपणापासून सांगितलं होतं की तो हात फाटकात सापडून झाला. "तुझी माय चावली होती. समद्या रेल्वे क्वार्टरला ऐकू गेलं. अन् तू झाल्यावर मला म्हणाली, पोरीला सांगायचं न्हाई. भ्या धरंल."

म्हणजे नवरदेवाला घोड्यासकट अडवणारा माणूसही तुझ्या खोट्यात सामील होता. कोणावर विश्वास ठेवायचा, सांग बरं?

आता भांडण मिटवते. पेटीला कुलूप नाही. ते कुठं ठेवलं ते आठवत नाही, असं बाबा म्हणतात. पायजम्यात नवी नाडी आहे, मोकळी. उरलेल्या लाडवांवर शेळीचा हक्क मानून मावशीने नवे करून दिलेत.

एक वचन देते. लेक मोठी झाली की तिलाही मी हेच सांगणार: "तुझ्या टायमाला मला कायच लागलं न्हाई. लाडू वळता वळता झालीस." ती विश्वास ठेवेल. आणि ज्या दिवशी माझं खोटं उघडं पडेल त्या दिवशी मी तिच्या उशाशी असेन, चावायला हात पुढे करून. एवढं एक तुला जमलं नाही, माय. ते मी जमवीन.

तुझीच भोळी लेक,
सुजाता